ओबीडी स्कॅनरने इंजिनाचा लॉग : कसा घ्यायचा, कसा वाचायचा (नाशिक)

गोदाकाठ

गाडीच्या ओबीडी (इंजिनाच्या स्वतपासणीच्या) सॉकेटला स्कॅनर जोडला, बिघाडाचा कोड वाचला, कोड पुसला आणि डोंगल (फोनशी जोडायचं छोटं स्कॅनर) ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकलं. बहुतेकांचा संबंध इथेच संपतो. कोड फक्त दार दाखवतो, आत काय चाललंय ते चालत्या इंजिनाच्या नोंदीत असतं. या विषयावर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालंय, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. मी पेट्रोलपुरतं लिहितो. डिझेल आणि सीएनजीवाल्यांनी आपापली भर घालावी.

आधी गाडी स्कॅनरशी बोलते का ते बघा. आपल्याकडे कारना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. २०१३ नंतरची गाडी असेल तर साधं स्कॅनरही चालतं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट सोळा पिनांचं दिसलं तरी भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. सॉकेट स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास असतं. १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस कायम, ४ आणि ५ अर्थिंग, ६ आणि १४ कॅन (नव्या गाड्यांची डेटा-लाइन), ७ के-लाइन (जुन्या गाड्यांची). डोंगलचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या सॉकेटचाच असतो, आणि स्वस्त चार्जर खुपसून तो केव्हाच उडालेला असतो.

पहिला लॉग सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. किल्ली ऑन, इंजिन बंद, एक मिनिट. सेन्सर खरं बोलतायत की नाही ते याच मिनिटात कळतं. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात हवं, कारण दोघंही रात्रभर एकाच हवेत होते. मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजतो. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणून इथे ९४-९५ किलोपास्कल यायला हवा. परदेशी व्हिडिओत १०१ सांगतात, ते समुद्रकाठचं. फोनच्या हवामान ॲपमध्ये १००८ (हेक्टोपास्कल, म्हणजे १००.८ किलोपास्कल) वगैरे दिसतं त्याच्याशीही ताडून बघू नका, तो आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो.

मग इंजिन सुरू करा. कूलंट ८५ च्या वर गेल्यावर दोन मिनिटं आयडल (पेडलला पाय न लावता) एसी बंद ठेवून, दोन मिनिटं एसी लावून, एक मिनिट २५०० आरपीएमवर धरून. त्यानंतर रस्ता. सुरुवातीला पाचच पॅरामीटर घ्या : आरपीएम, मॅप (मॅफवाली, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणारी गाडी असेल तर मॅफ), शॉर्ट टर्म ट्रिम, लाँग टर्म ट्रिम (इंधनात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) आणि फ्युएल सिस्टम स्टेटस. शेवटचा कोणी घेत नाही. तो सगळ्यात महत्त्वाचा.

इंदिरानगर_स्वार

उपयुक्त धागा. दोन शंका. एक, मी २४ पॅरामीटर टिक केले होते, ग्राफ नुसता पायऱ्यापायऱ्यांचा येतोय. दोन, हेच डोंगल भावाच्या आयफोनला दिसतच नाही.

सातपूर_फिटर

दुसरी आधी. साध्या ब्लूटूथचं डोंगल आयफोनला चालत नाही. त्याला वायफायचं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचं लागतं. वायफायवाल्याला ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० भरावा लागतो, आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करावा लागतो, नाहीतर फोन मध्येच वायफाय सोडतो.

आता पायऱ्या. स्कॅनर एका वेळी एकच प्रश्न विचारतो : आरपीएम किती? उत्तर आलं की पुढचा. कॅनवाल्या गाडीवर साधं ब्लूटूथ डोंगल सेकंदाला १० ते २० उत्तरं आणतं, जुन्या के-लाइनवर तीन ते पाच. सेकंदाला १५ धरा. २४ पॅरामीटर म्हणजे प्रत्येकाची पाळी १.६ सेकंदांनी. तिसऱ्या गिअरमध्ये २००० वरून ५००० ला जायला आठ सेकंद लागले तर अख्ख्या चढीत आरपीएमचे पाच बिंदू मिळाले. त्यावर काय कपाळ वाचणार? पाच पॅरामीटर घेतले तर प्रत्येकी चोवीस.

दुसरी गोम. ॲपमध्ये लॉगिंग इंटरव्हल ०.१ सेकंद ठेवला म्हणजे रीडिंग दहापट मिळत नाहीत. ॲप दर ०.१ सेकंदाला एक ओळ लिहितं, नवीन उत्तर आलेलं नसेल तर जुनंच परत छापतं. एक्सेलमध्ये एकच आकडा सलग बारा ओळी दिसला तर इंजिन स्थिर आहे असं समजू नका.

तिसरी, एका ओळीतले आकडे एकाच क्षणाचे नसतात. सेकंदाला १५ च्या वेगाने पाच पॅरामीटर फिरतात तेव्हा पहिल्या आणि पाचव्यात पाव सेकंद जातो. इंजिन सेकंदाला ४०० आरपीएमने चढत असेल तर तुमचा मॅप आणि तुमचा आरपीएम यांत शंभरेक आरपीएमची तफावत. म्हणून ज्या दोन पॅरामीटरची तुलना करायची ते यादीत शेजारी ठेवा.

कॅनवर एका प्रश्नात सहा पॅरामीटर मागता येतात, ॲपमध्ये तसा पर्याय असेल तर चालू करून बघा. चारशे-पाचशेचं डोंगल बहुधा लांब उत्तराला अडखळतं आणि कनेक्शन तुटतं. तसं झालं तर परत बंद. डोंगलवरच्या 'ईएलएम३२७ आवृत्ती १.५' (आतल्या चिपचं नाव) अशा छापाला भुलू नका. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. बाजारात मिळतं ते सगळं नक्कलच, त्यातल्या काही बऱ्या आहेत. ओबीडीलिंकसारखी वेगळ्या चिपची डोंगलं महाग पडतात, पण फरक लगेच दिसतो.

पंचवटीकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). फ्युएल सिस्टम स्टेटसचं नीट समजावून सांगाल का? माझ्या लॉगमध्ये कधी २, कधी ४ येतं.

गोदाकाठ

१ म्हणजे इंजिन थंड आहे, ईसीयू (इंजिनाचा संगणक) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही. २ म्हणजे क्लोज्ड लूप, सेन्सरचं ऐकून इंधन कमी-जास्त करतोय. ४ म्हणजे सेन्सर ठीक आहे पण आत्ता ऐकत नाही, कारण पूर्ण पाय दिलाय किंवा पाय सोडून उतारावर इंधन बंद केलंय. ८ म्हणजे बिघाडामुळे ऐकणं सोडलंय.

ट्रिमचे आकडे फक्त २ असताना वाचायचे. कसारा घाट उतरताना पाय सोडलेला असतो, शॉर्ट टर्म शून्यावर खिळलेला दिसतो, आणि माणूस म्हणतो वा, किती छान ट्यून आहे. तिथे इंजेक्टरच बंद आहेत, राव. एक्सेलमध्ये सर्वात आधी स्टेटस २ आणि (कूलंटही नोंदवला असेल तर) कूलंट ८० च्या वर असा फिल्टर लावा, बाकीच्या ओळी उडवा.

शॉर्ट टर्म म्हणजे ईसीयू या क्षणी किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कापतोय. लाँग टर्म म्हणजे त्यातलं जे रोजचंच झालं ते त्याने वहीत लिहून ठेवलेलं. वाचताना दोघांची बेरीज. ±५ च्या आत निवांत, १० च्या पुढे शोध घ्या. आकडे ०.७८ च्या पायरीने हलतात, कारण १०० टक्क्यांचे १२८ भाग केलेले असतात. तेव्हा ०.८ चा फरक म्हणजे फरक नाहीच.

अंजनेरी

२०१६ ची १.२ पेट्रोल, चार सिलिंडर, मॅफ नाही, मॅपवाली. चेक इंजिन लाइट नाही, आयडलला हलकी थरथर. वर लिहिल्याप्रमाणे लॉग घेतला, प्रत्येक स्थितीची सरासरी देते (एसटी, एलटी म्हणजे शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम) :

आयडल, एसी बंद : ७४८ आरपीएम, मॅप ३६, एसटी +३.१, एलटी +१४.१, स्टेटस २
उभ्या गाडीत रेस धरून : २५१२ आरपीएम, मॅप २९, एसटी +०.८, एलटी +६.३, स्टेटस २
चौथा गिअर, ६० चा वेग : २१४० आरपीएम, मॅप ५८, एसटी −०.८, एलटी +२.३, स्टेटस २
तिसरा गिअर, चढावर पूर्ण पाय : ३३९० आरपीएम, मॅप ९१, एसटी ०.०, एलटी +१.६, स्टेटस ४

किल्ली ऑन, इंजिन बंद : मॅप ९४.

गोदाकाठ

लॉग असावा तर असा. आयडलला बेरीज १७, लोडवर दीड. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा घुसतेय. आयडलला एकूण हवाच थोडी, त्यात चोरटी हवा ठळक दिसते. लोडवर ती समुद्रात मूठभर मीठ.

सातपूर_फिटर

थांबा गोदाकाठ. हे मॅफवाल्या गाडीचं गणित झालं. मॅफ सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी बसतो, त्याच्या पुढे घुसलेली हवा त्याला दिसत नाही, म्हणून मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं आणि ट्रिम वाढतात. मॅपवाल्या गाडीत मॅनिफोल्डमध्ये कुठूनही हवा आली तरी दाब वाढतो, तो मॅप मोजतो आणि ईसीयू त्या हवेचं इंधन देतो. लीकची खूण इथे ट्रिममध्ये नाही, चढलेल्या आयडलमध्ये आणि चढलेल्या मॅपमध्ये दिसते. ताईंचा आयडल ७४८, मॅप ३६. दोन्ही जागेवर.

मग लीन का दिसतंय? इंधनाचा दाब कमी असता तर लोडवर, म्हणजे मागणी जास्त तिथे, ट्रिम वाढले असते. इंजेक्टर तुंबलेले असते तर थोडेफार सगळीकडे वाढले असते. हे फक्त आयडलला आहे. माझा संशय एक्झॉस्टवर. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर किंवा सेन्सरच्या आट्यांपाशी बारीक फट असेल तर आयडलला दोन धक्क्यांच्या मधल्या ओढीत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणून ओरडतो, ईसीयू बिचारा इंधन वाढवतो. इंजिन प्रत्यक्षात रिच (इंधन जास्त) चालतंय, म्हणून थरथर. रेस दिली की एक्झॉस्टचा दाब सलग बाहेरच्या दिशेने राहतो, फटीतून हवा आत येत नाही.

तपासायला काही खर्च नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. सायलेन्सरच्या तोंडात फुंकणाऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप, भोवती फडकं गच्च. मॅनिफोल्डच्या जोडावर, प्रत्येक नटाभोवती आणि सेन्सरच्या बुडाशी साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली. गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधणारे महाभाग असतात, तो प्रकार करू नका, पेट घेतं.

गोदाकाठ

मान्य, ताईंची गाडी मॅपवाली आहे हे वाचूनही माझं बोट सवयीने व्हॅक्यूमवर गेलं. वरचं माझं उत्तर मॅफवाल्यांपुरतं समजा.

ओझर_डिझेल

डिझेलचं सांगतो. इथे ट्रिम नसतात, ते शोधत बसू नका. लॉगमध्ये घ्या : आरपीएम, रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब), मॅप, मॅफ आणि ॲक्सिलरेटर पेडल. मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर असे दोन्ही गाडी देत असेल तर दोन्ही, शेजारी शेजारी. ॲप किलोपास्कलमध्ये ३०,००० दाखवेल, ते ३०० बार झाले. गरम इंजिनाला आयडलवर २५० ते ३५० बार हे नेहमीचं.

पूर्ण पाय दिल्यावर मागितलेलं चढत गेलं आणि मिळालेलं मागे राहिलं तर आधी डिझेल फिल्टर, मग इंजेक्टरची परत-लाइन (उरलेलं डिझेल परत नेणारी नळी), पंप सगळ्यात शेवटी. लोक उलट्या क्रमाने जातात आणि खिसा रिकामा करतात. परत-लाइनची परीक्षा चार सारख्या बाटल्या लावून होते. आयडलवर ठरावीक वेळेत एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमा झालं तर तो इंजेक्टर काढा. कॉमन रेल इंजेक्टर सातपूरला बनतात हे खरं, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक टपरीवर ते खोलता येतात असं नव्हे. टेस्ट बेंच आहे का ते विचारा.

टर्बोवाल्यांसाठी : मॅप हा एकूण दाब आहे, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) नव्हे. बूस्ट हवा तर त्यातून आपल्याकडचे ९४ वजा करा, १०१ नाही. आणि साध्या ओबीडीचा मॅप एका बाइटमध्ये येतो, २५५ च्या वर जाऊच शकत नाही. ग्राफ २५५ वर आडवा चालला तर टर्बोने तिथे दम टाकला असं नाही, मोजपट्टी संपली.

इंजेक्टर करेक्शन, डीपीएफमधली (एक्झॉस्टच्या फिल्टरमधली) काजळी, हे साध्या ओबीडीत येत नाही. त्याला त्या कंपनीचे कोड असलेलं ॲप किंवा स्कॅनर लागतं.

पेठरोड_सीएनजी

पेट्रोल आणि गॅसचे लॉग वेगवेगळ्या फाइलीत घ्या. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलच्याच ईसीयूचा इंजेक्टरचा वेळ किट वापरतं, आणि दोन्ही इंधनांचे ट्रिम एकाच वहीत लिहिले जातात. पेट्रोलवर +२ आणि गॅसवर +१५ असेल तर किटचा इंधनाचा तक्ता नीट बसवलेला नाही, इंजिनात दोष नाही. उलट गॅसवर बसवलेली वही घेऊन पेट्रोलवर आलं की पहिले काही किलोमीटर गाडी धक्के मारते.

दुसरं, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५. ई१० धरून बांधलेल्या गाडीत ई२० गेलं की लाँग टर्म चारेक टक्के वर सरकतो. तेवढी वाढ इंधनाची, बिघाडाची नाही. ताईंचे लोडवरचे दोन टक्के त्यातच धरा. आणि ॲपमध्ये एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) बघू नका, लॅम्डा (लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली तो आकडा) बघा. ॲप लॅम्डाला डोळे मिटून १४.७ ने गुणतं. ई२० वर १४.७ दाखवलं तरी खरं प्रमाण १३.५ च आहे.

इंदिरानगर_स्वार

पाच पॅरामीटरवर आणलं, ग्राफ ओळखूच येईना इतका गुळगुळीत झाला. आता लॉग घ्यायला रस्ता कोणता बरा?

ओझर_डिझेल

आयडलचा हवा असेल तर द्वारका चौकातली कोंडी, मागाल तेवढा मिळेल.

गंमत सोडा. स्थिर वेगासाठी महामार्गाचा ओझरकडचा पट्टा, पहाटे. चौथ्या गिअरमध्ये ६०, मग ८०, प्रत्येकी दोन मिनिटं पाय न हलवता. चढासाठी चांदवडजवळचा राहुड घाट. कसाऱ्यात ट्रकमागे अडकलात की थ्रॉटल स्थिर राहत नाही, लॉग वाया जातो. उंचीचा परिणाम बघायचा तर घाटाच्या खाली आणि वर थांबून किल्ली ऑन करून मॅप नोंदवा, शंभर मीटरला साधारण १.१ किलोपास्कल उतरतो. लॉग शेजारी बसलेल्या माणसाने सुरू करायचा आणि थांबवायचा. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, आणि लोंबणारी वायर पेडलपासून दूर बांधायची.

पंचवटीकर

डोंगल कायम लावून ठेवलं तर चालतं का? आणि कोड पुसायचं बटण कधी दाबायचं?

सातपूर_फिटर

१६ नंबरची पिन किल्ली बंद असतानाही जिवंत असते. झोपी न जाणारं डोंगल ४५ मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर गेला. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सोळा दिवसांत निम्मी. रोज चालणाऱ्या गाडीला फरक नाही, गावी जाताना मात्र काढून ठेवा.

कोड पुसला की फ्रीज फ्रेमही जाते, म्हणजे कोड आला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान सगळं. बऱ्याच गाड्यांत लाँग टर्मची वहीही कोरी होते. म्हणून आधी फ्रीज फ्रेमचा फोटो, लाँग टर्मचा लॉग, मगच पुसा. गॅरेजला गाडी दिली की पहिल्या मिनिटाला कोड पुसतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

गोदाकाठ

महागड्या ट्यूनिंग स्कॅनरमध्ये, एचपी ट्यूनर्ससारख्यांत, हिस्टोग्राम नावाचा तक्ता असतो. खरा फायदा त्याचा, आणि तो फुकटात करता येतो. फिल्टर लावलेली सीएसव्ही (लॉगची फाइल) लिबरऑफिसमध्ये उघडा. आरपीएम ५०० च्या टप्प्याने, मॅप १० च्या टप्प्याने गोल करा, ट्रिमच्या बेरजेचा पिव्हट टेबल काढा : आडवं आरपीएम, उभं मॅप, आत सरासरी. शेजारी दुसरा तक्ता नोंदींच्या संख्येचा. ज्या घरात दहापेक्षा कमी नोंदी आहेत ते घर कोरं समजा. पाय एकदम दिल्या-सोडल्याचा एक सेकंदही उडवा. अर्ध्या तासाच्या लॉगमधून मधली वीसेक घरं भरतात, आणि कुठल्या कोपऱ्यात गडबड आहे ते दिसतं.

अंजनेरी

साबणाच्या पाण्याने एका नटापाशी बुडबुडे आले, सिलिंडर चारच्या बाजूला. गॅस्केट बदललं. पण एलटी अजून +१४.१ च आहे. काम फसलं का?

सातपूर_फिटर

एसटी किती आहे ते बघा.

अंजनेरी

−१०.९.

सातपूर_फिटर

मग बेरीज ३ झाली, काम झालंय. वहीत जुना हिशेब आहे, शॉर्ट टर्म तो कापतोय. वही हळूहळू खोडली जाते. कोड पुसून कोरी करता येईल, पण न पुसता वीस-तीस किलोमीटर चालवा, मध्ये चार-पाच वेळा गरम इंजिनाला दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. एलटी पायरीपायरीने उतरताना लॉगमध्ये दिसेल.

अंजनेरी

आज त्र्यंबकला जाऊन आले, ५६ किलोमीटर. आयडल, एसी बंद : ७५१ आरपीएम, मॅप ३३, एसटी −०.८, एलटी +३.९, स्टेटस २. थरथर नाही.